काकांचा पासवर्ड

माझे काका शेवटचे आठ महिने स्वतःला विसराळू समजत होते. तसं त्यांना मी पटवलं होतं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. हार्ट अटॅक होता, त्याचा विसरण्याशी काही संबंध नव्हता. पण त्या आठ महिन्यांची जबाबदारी माझी आहे, म्हणून आज इथे लिहितेय.

काका तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत क्लार्क होते. रिटायर झाल्यावर घरातल्या जुन्या कम्प्युटरवर लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. जातीचा दाखला, रेशनकार्डात सुनेचं नाव, वनजमिनीचा दावा.

बाजाराच्या दिवशी पाड्यांवरची माणसं ओट्यावर येऊन बसायची. कोणी करांद्याचे कंद आणायचं, कोणी काकड्या.

यातली निम्मी माणसं काकांच्या शाळेत शिकलेली. आजोबांचं नाव, पाडा, शाळा सोडल्याचं साल, काका न विचारता टाइप करायचे.

कम्प्युटर फार स्लो झाला म्हणून मीच त्यावर लिनक्स टाकून दिलं. पुण्यात आयटीत आहे ना मी.

जाता जाता एक छोटा प्रोग्रामही लिहून ठेवला. रोज दुपारी सगळ्या सिस्टिमची एक कॉपी काढायची आणि त्याच डिस्कवर ठेवायची. काही बिघडलं तर मागे जाता येईल.

जुन्या कॉप्या पुसायची ओळ नंतर लिहीन म्हटलं. बस पकडायची होती.

काही महिन्यांनी काकांचा फोन आला.

"बाय, पासवर्ड टाकला की पडदा काळा होतो नि परत पासवर्डच मागतो."

"चुकीचा टाकताय काका. कॅप्स लॉक बघा."

"बघितला. चुकला असं ते म्हणत नाय गो. नुसतं काळं होतं."

हे वाक्य त्यांनी मला तीन वेगवेगळ्या फोनवर सांगितलं.

पासवर्ड चुकला तर लिनक्स तसं स्पष्ट सांगतं. काही न बोलता परत मागे ढकलत असेल, तर पासवर्ड बरोबर असतो आणि दुखणं दुसरीकडे असतं. मला हे चांगलं माहीत होतं. मी ऐकलंच नाही.

तिसऱ्या फोनला मी मीटिंगमधून उठून आले होते. वैतागले होते.

"काका, वय झालं की होतं असं. वहीत लिहून ठेवत जा ना."

काका म्हणाले, "तुझ्या काकीचं माहेरचं नाव नि लग्नाचं साल आहे गो. ते कसं विसरेन मी?"

मी हसले.

आणि संध्याकाळी इथेच, याच प्रोफाइलवर पोस्ट टाकली. 'काका विरुद्ध पासवर्ड'. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पोट धरून हसल्याच्या कमेंट केल्या. ती पोस्ट मी काढलेली नाही. खाली जा, सापडेल.

त्यानंतर काकांचा फोन आला नाही. मला वाटलं, सुटला प्रॉब्लेम.

काकांनी अर्ज लिहिणंच बंद केलं होतं, हे काकीकडून फार नंतर कळलं. हातानेसुद्धा.

"एखाद्याच्या बापाचं नाव माझ्याकडून चुकलं, तर तो जन्मभर ऑफिसात फिरत राहील," असं म्हणून आलेल्या माणसाला परत पाठवायचे. मग एक दिवस स्कूटरची किल्ली काकीच्या हातात दिली.

दिवाळीत गेले तेव्हा कम्प्युटरवर चादर टाकलेली दिसली. मी विचारलं नाही.

बाराव्यानंतर काकी म्हणाली, "त्याच्यात त्यांचे फोटो असतील तर काढून दे."

चादर काढली. शेजारी वही होती.

शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावतात तसा पानंच्या पानं तोच पासवर्ड. रोज एक पान, वर तारीख. एकाही ओळीत चूक नाही.

मी तोच टाकला. पडदा काळा झाला. परत पासवर्ड मागितला.

तेव्हासुद्धा माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की काकांनी वहीतच चुकीचा लिहिलाय. लाज वाटते सांगायला.

मग मुद्दाम चुकीचा टाकला. लगेच ओळ आली, पासवर्ड चुकला.

मग दुसऱ्या वाटेने, नुसत्या कमांडच्या पडद्यावरून आत शिरले.

डिस्क गच्च भरली होती, माझ्याच रोजच्या कॉप्यांनी. आत शिरताना सिस्टिमला एक बारीकशी फाइल लिहावी लागते. तिलाही जागा उरली नव्हती, म्हणून ती काकांना रोज दारातून परत पाठवत होती.

जुन्या कॉप्या पुसल्या. वहीतला पासवर्ड टाकला. उघडला.

दहा मिनिटं लागली.

वर्षभर हे कोणाला सांगितलं नाही. काल, तिथीने आलेल्या वर्षश्राद्धाला गेले तेव्हा काकीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हणजे त्यांचं डोकं ठीक होतं?"

"हो काकी."

तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "कोपऱ्यावरच्या दुकानात पण मी त्यांना एकटं सोडत नव्हते गो."

मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आज कमेंटमध्ये श्रद्धांजली नका लिहू. त्या जुन्या पोस्टखाली तुम्ही हसला असाल, तर तेवढं हसू काढून टाका. पोस्ट मात्र राहील. ती मला दिसत राहायला हवी.

काका, तुम्ही काहीच विसरला नव्हता. काकीचं माहेरचं नाव बरोबर होतं, लग्नाचं सालही बरोबर होतं.

चुकले मी.

नमस्कार करते, काका. येते.