पंप, सुई आणि माझा नमुना

लातूरच्या आडत बाजारात मी तीस वर्षं सोयाबीन आणि तूर पारखली. पोत्यात टोकदार लोखंडी नळी खुपसायची, तळातले दाणे तळहातावर घ्यायचे आणि आणणारा काय सांगतो याकडे साफ दुर्लक्ष करायचं, हे माझं काम. वरचा माल सगळ्यांचाच चांगला असतो. माती, काडी, ओल खाली दडलेली असते. ही सवय बाजारातून माझ्याबरोबर घरी आली आणि निवृत्तीनंतरही गेली नाही. बायको म्हणायची, तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खाता. ते खरंच होतं.

तिला दमा जडला तो धाकटीच्या वेळच्या बाळंतपणानंतर. पहिली बरीच वर्षं गावाकडच्या एका डॉक्टरच्या पुड्यांवर निघाली. कागदात बांधलेली पांढरी पूड, सकाळी एक, संध्याकाळी एक. कालपर्यंत धापा टाकणारी बाई दुसऱ्या दिवशी भाकरी थापायला बसायची. इतक्या लवकर गुण येतो म्हटल्यावर मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण तिचं तोंड भरलं, गाल वर आले, पाहुणे म्हणायला लागले, तब्येत चांगली सुधारली. मीही खूश. पुढे साखर निघाली, आणि अंगणात नुसती घसरली तर मनगट मोडलं. तेव्हा कळलं की पुडीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटलेल्या होत्या आणि गालांवर दिसत होती ती सूज होती. जगाच्या पोत्यांचे तळ तपासणाऱ्या माणसाने घरातल्या पुडीत काय आहे ते कधी विचारलं नाही, याचा मला अजून संताप येतो.

पुड्यांनंतर तोंडाने औषध ओढायचा पंप आला. आमच्या भागात पंपाला फार वाईट नाव. अमक्याला पंप लागला, असं सांगताना माणसं आवाज खाली घेतात. एकदा लागला की सुटत नाही, तो शेवटचा उपाय, असं सगळेच बोलतात आणि मीही बोलायचो. मुलीचं लग्न जमवायचं होतं, म्हणून मीच तिला सांगून ठेवलं होतं की पाहुण्यांसमोर तो बाहेर काढू नको. ती बिचारी न्हाणीघरात जाऊन ओढून यायची. दमा थोडा आटोक्यात आला, पण वर्षातून दोन-तीनदा तरी ऑक्सिजन लावायची वेळ यायचीच, आणि मग पुन्हा त्याच गोळ्या.

शेवटी नांदेड गाठलं. लातुरात डॉक्टर कमी आहेत असं नाही. पण त्यातल्या कित्येकांची शेती आहे आणि त्यांचा माल माझ्या हाताखालून गेलेला. ओलं सोयाबीन कोरडं म्हणून आणणाऱ्याने लिहून दिलेली गोळी मी बायकोच्या तोंडात कशी घालू? नांदेडात मी कुणाला ओळखत नव्हतो, एवढ्यावरच ते शहर मला बरं वाटलं.

तिथल्या छातीच्या डॉक्टरबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी रक्त तपासलं, तिला पंप ओढून दाखवायला लावला, आणि म्हणाल्या की आता एक नवीन इंजेक्शन सुरू करू, दर चार आठवड्यांनी एक.

"मग इतकी वर्षं दिलं ते काय होतं?" मी विचारलं.

"तेही औषधच होतं, काका. गोळी अख्ख्या अंगातली सूज दाबते, म्हणून साखर, हाडं, सगळीकडे त्रास देते. पंपातलं औषध थोडं असतं आणि बहुतेक श्वासनळीतच काम करतं. काकूंच्या रक्तात एका जातीच्या पांढऱ्या पेशी वाढल्यात, त्याच श्वासनळी सुजवतात. हे इंजेक्शन त्या पेशींना मिळणारा निरोपच अडवतं. दमा असलेल्या प्रत्येकाला ते लागत नाही. यांना उपयोग होईल असं वाटतं."

"वाटतं?"

"वाटतं. चार महिने देऊ आणि बघू. गुण नसेल तर बंद."

"आणि पंप?"

"तो चालूच ठेवायचा. सकाळ-संध्याकाळ, आणि धाप लागली तर तेव्हाही तोच. मला विचारल्याशिवाय बंद करायचा नाही."

इथे मी त्यांना पकडलं, निदान मला तसं वाटलं. नवं एवढं गुणाचं असेल तर जुनं कशाला? आणि जुन्याने भागत नव्हतं म्हणून आलो, तर ते चालू का ठेवायचं? जुन्या मालात नवा मिसळून नव्याचा भाव मागणारे मी बाजारात रोज बघत होतो. इंजेक्शन महाग, पंप त्यामानाने स्वस्त. दोन्ही एकत्र दिले की गुण कुणाचा हे कोण सांगणार? मी मनात नोंद केली.

दर चार आठवड्यांनी आम्ही एसटीने नांदेडला जाऊ लागलो. सिस्टर फ्रिजमधून खोकं काढायची, मी चष्मा लावून त्यावरची तारीख वाचायचो, सील बघायचो. मग ती ते अर्धा तास तसंच टेबलावर ठेवायची.

"फ्रिजमधलं औषध बाहेर का ठेवलं?"

"गार टोचलं की दुखतं, काका. तुम्ही बसा."

मी बसत नसे. खोकं नजरेआड होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

तिसऱ्या इंजेक्शननंतर ती गच्चीवर पापड घेऊन गेली, मध्ये न थांबता. तीन उशांवर टेकून झोपणारी बाई एका उशीवर आली. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केल्या. आणि एक दिवस चहा गाळता गाळता ती म्हणाली, "औंदा भावाच्या राशीला जाऊ का?" तिचं माहेर मुखेडजवळ. तुरीची मळणी होऊन रास लागली की सगळ्या बहिणी खळ्यावर जमतात, पहिली ओंजळ त्यांच्या पदरात पडते. दमा जडल्यापासून धुराळ्यापायी तिचं जाणं सुटलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, लांब बसा, तोंडाला फडकं बांधा, पंप जवळ ठेवा आणि जा. तिने त्याच संध्याकाळी नेसायचं लुगडं काढून ठेवलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्याखाली काहीतरी टोचत होतं. हा गुण पंपाचा की सुईचा? बाजारात प्रत्येक मालाचा नमुना सौदा पुरा होईपर्यंत पिशवीत बांधून ठेवतात. त्याच सवयीने मी तिचे संपलेले पंप एका बिस्किटाच्या डब्यात साठवले होते. पंपातलं औषध संपलं तरी दाबल्यावर फवारा येतो, आवाजही तसाच होतो. किती उरलं ते दाखवणारी खिडकी आमच्या पंपाला नव्हती. एका सकाळी ती अंघोळीला गेली असताना मी तिच्या पंपातली भरलेली कुपी काढली आणि तिथे संपलेली बसवली. पंधरा दिवस बघू, म्हटलं. काही झालं नाही तर पंप थोतांड, झालं तर सुई थोतांड. दोघांपैकी एक जण सापडणारच होता.

दहा दिवस काहीही झालं नाही. ती रोज दोन वेळा पंप ओढायची, चूळ भरायची आणि कामाला लागायची. मी पेपरमागून बघायचो आणि मला गुदगुल्या व्हायच्या. आता नांदेडच्या बाईंना कसं बोलायचं, त्याची वाक्यंसुद्धा मी जुळवून ठेवली होती.

बाराव्या दिवशी रास होती. मळणी यंत्र चालू होतं, पण वारा पलीकडे वाहत होता. ती बांधावर लिंबाखाली तोंडाला ओलं फडकं बांधून बहिणींबरोबर बसली होती आणि इतकी हसत होती की मी दोनदा वळून पाहिलं. दुपारी वारा फिरला. तुरीचा भुसा बांधावर आला. आधी खोकला, मग छातीतली शिटी. तिने पंप काढला, दाबला, श्वास रोखला. पुन्हा दाबला. भरलेली कुपी लातुरात, माझ्या कपाटात होती. मेव्हणा धावत आला आणि म्हणाला, "दाजी, तिच्या हातात जोर न्हाई, तुम्ही दाबा की." मी तो रिकामा पंप माझ्या हाताने तिच्या तोंडाला लावला आणि दाबला. सगळे बघत होते आणि मला दुसरं काही सुचलं नाही.

मेव्हण्याच्या जीपने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. ऑक्सिजन लावला, मशीनने वाफ दिली, आणि शिरेतून स्टेरॉइड दिलं. ज्या औषधाला मी इतकी वर्षं शिव्या घालत आलो, त्यानेही त्या दिवशी तिला ओढून आणलं. तीन दिवसांनी आम्ही नांदेडला डॉक्टरबाईंपुढे बसलो होतो.

"पंप रोज घेत होता ना?"

"हाव," बायको म्हणाली, "एक दिस बी चुकला न्हाई."

डॉक्टरांनी कागद पुन्हा चाळले. "पंप चालू असताना एवढा मोठा झटका आला म्हणजे इंजेक्शन यांना पुरेसं लागू पडत नसावं. बंद करायचा विचार करावा लागेल."

बायकोने मान खाली घातली. तिची गच्ची, तिची एक उशी, तिची रास, सगळं त्या वाक्यात जाणार होतं. मी गप्प बसलो असतो तर माझी अब्रू राहिली असती. पण जीपमधले ते ओठ डोळ्यांपुढून हलत नव्हते. मी सांगितलं. डबा, कुपी, बारा दिवस, सगळं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्या तिला म्हणाल्या, "काकू, इंजेक्शन चालू राहील. पंप मात्र यापुढे तुमच्याच ताब्यात."

बाहेर बाकावर आम्ही सुईची वाट बघत बसलो. ती रागावेल, रडेल, निदान तोंड तरी फिरवेल, असं वाटत होतं. ती नुसती पदराची कड सारखी करत राहिली.

"मला म्हाईत होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिशी. पंप हलका लागला हातात, आन तोंडाला त्याची चव बी न्हवती."

"मग बोलली का नाहीस?"

"म्या म्हटलं, सुईचा खर्च लई हाय. दोन्ही झेपंना गेलं आसंल तुम्हाला, आन सांगायची लाज वाटत आसंल. मग कशाला इचारायचं."

बारा दिवस ती रोज दोन वेळा, माझ्या डोळ्यांसमोर, तो रिकामा पंप ओढत राहिली होती, मला कमीपणा येऊ नये म्हणून.