सनईचा चढा सूर

आमच्या बँड पार्टीत कीबोर्ड मी वाजवीत असे आणि क्लॅरिनेट माझा जोडीदार. दोघेही डोणगावचे. कीबोर्डला तारेने जोडलेली एक चपटी पेटी होती; तिला आम्ही मॉड्यूल म्हणत असू. तिला स्वतःच्या पट्ट्या नाहीत. बोटे कीबोर्डवर पडतात, आवाज ती काढते. तिच्यात कारखान्यातून भरून आलेली सनई आमच्याकडच्या कानाला पटणारी नव्हती. जोडीदाराने बटणे दाबत तिचा कंप बदलला, शेवटची ओढ बदलली आणि ती आपली सनई म्हणून पेटीत जतन केली. वरातीतले लोक वळून पाहत, सनईवाला कुठे आहे म्हणून.

जोडीदार हिवाळ्यात वारला. उन्हाळ्यात त्याच्या मुलीचे लग्न ठरले. ती घरी येऊन म्हणाली, "चाचा, वरात दारात आली की अब्बाची सनई वाजली पायजे. दुसरं मी काही मांगत नाही."

मी हो म्हटले.

पेटी चालू केली, तेव्हा पडद्यावर सूचना आली की आतली बॅटरी संपत आली आहे. जतन केलेले आवाज त्या बॅटरीवरच टिकतात. नांदुऱ्याला एक जण अशा यंत्रांची दुरुस्ती करतो. पेटी त्याच्याकडे नेली.

"बॅटरी काढली की समदं पुसून जाईन, काका. आधी आवाज कॉम्प्युटरात उतरवून घेऊ."

"घे."

"पेटी लय जुनी झाली. नवी काऊन नाही घेत?"

"तू बॅटरी बदल."

त्याने बदलली. आवाज परत भरताना पेटीने नकार दिला. नव्या बॅटरीबरोबर, आतले काही बदलू न देणारे जतनाचे कुलूप आपोआप लागले होते. सिस्टिमच्या पानावर जाऊन मी ते काढले. मग आवाज आत गेले.

घरी येऊन सनई वाजवली. सनई त्याचीच होती, परंतु सूर उतरलेला होता. कारण समजायला वेळ लागला नाही. आम्ही उतरवून घेतले ते केवळ आवाज. पेटीचा मूळ सूर किती चढा ठेवायचा, हे सिस्टिमच्या सेटिंगमध्ये असते. ते आवाजांबरोबर जात नाही. ते पुसले गेले होते आणि कारखान्याचा आकडा परत आला होता.

पूर्वीचा आकडा मला सांगता येत नव्हता, कारण तो कधी एक नव्हताच. क्लॅरिनेटचा सूर सांधा सरकवून खालीवर करतात; जोडीदाराच्या क्लॅरिनेटचा सांधा जाम झालेला. ते पेटीशी जुळवता येत नसे. पेटीच त्याच्याशी जुळवावी लागे. उन्हात क्लॅरिनेट तापले की त्याचा सूर चढे. तो ते तोंडातून काढून म्हणे, "अजून चढव बे." मी चढवीत असे. प्रत्येक लग्नाचा आकडा वेगळा.

पेटी आणि कीबोर्ड घेऊन मी त्याच्या घरी गेलो. मुलगी समोर बसली. मी सनई वाजवली.

"अब्बाचीच हाय," ती म्हणाली. "पण बसल्यासारखी वाटते. चढवा."

मी चढवली.

"अजून चढवा."

आणखी चढवली. ती डोळे मिटून ऐकत होती.

"अजून. हाव, आता बस."

मी पडद्याकडे पाहिले. ऐन वैशाखातल्या दुपारच्या लग्नांतही आम्ही इतके वर कधी गेलो नव्हतो. ते मी तिला सांगितले नाही. जतनाचे बटण दाबले. पेटीने खात्री करून घेतली. मी होकार दिला आणि कुलूप लावले.

लग्नाच्या दिवशी क्लॅरिनेटसाठी बाहेरचा माणूस बोलावला होता. मंडपात पेटीबरोबर सूर लावून पाहताच तो थांबला.

"काका, मशीन खाली घ्या. माह्यं क्लॅरिनेट एवढं चढत नाही."

"सनईच्या वेळी तू वाजवू नको."

"अन् मी का करू तेवढा वेळ?"

"जेवून घे."

"वरातीच्या आधी कोण वाढते हो मले?" बाकीचे हसले. एक जण म्हणाला, "घ्या ना थोडं खाली, कोणाले समजते?"

मी पेटीला हात लावला नाही.

बीबी गावाहून आलेली वरात दारात थांबली. ढोल थांबवायला सांगितले. सनई एकटी वाजली. मुलगी आतल्या खिडकीशी उभी आहे, असे कोणीतरी सांगितले. मी तिकडे पाहिले नाही. पट्ट्यांकडे पाहत शेवटपर्यंत वाजवले.