आमची गच्ची ‘खाली’ आहे का?

रविवारी सकाळी टेप, कॅल्क्युलेटर आणि वर्षभराची लाइटबिलं घेऊन गच्चीवर गेलो... आणि उतरलो तेव्हा, चढताना जेवढं कळत होतं तेवढंही कळेनासं झालं होतं.

घरावर सोलर बसवायचं चाललंय. आमच्या राजपुरा मोहल्ल्यात गच्चीला ऊन भरपूर. आणि बुऱ्हाणपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय, त्यांना दिवसरात्र चालणाऱ्या कूलरचं बिल वेगळं सांगायला नको.

आधीच सांगतो, मी शाळेत फार टिकलो नाही. पण पॉवरलूमच्या मोटारी जळल्या की लोक बुधवाऱ्यातल्या माझ्या दुकानात येतात, आणि वाइंडिंग मला कोणी शिकवलेलं नाही. जळक्या मोटारी उघडून उघडून शिकलो. त्यामुळे विजेच्या बाबतीत आपल्याला कोणी गंडवू शकत नाही असा माझा समज होता... थोडा अजूनही आहे.

तीन ठिकाणांहून कोटेशन घेतली. एक म्हणतो पैसे चार वर्षांत वसूल, दुसरा म्हणतो सहा. तिसऱ्याचा हिशोब एका ओळीचा, “टेंशन मत लो भाईसाब, बिल झिरो!” झिरो?... आणि फिक्स चार्ज कोण भरणार, तुझा मामा?

म्हणून मग स्वतःच मांडायला बसलो. तीन किलोवॅट धरले, किलोवॅटमागे दिवसाला साधारण चार युनिट. पावसाळ्यात कमी, पॅनलवर धूळ बसली की आणखी कमी. सबसिडी वजा केली, पुढेमागे इन्व्हर्टर बदलावा लागेल तो खर्च मिळवला.

इथवर सगळं सरळ. मग बिलापाशी अडकलो. आमच्याकडे वापर कमी असला की सवलत मिळते, वाढला की ती जाते आणि बिल एकदम उडी मारतं. म्हणजे हिवाळ्यात सोलर वाचवणार ती स्वस्तातली युनिटं, आणि उन्हाळ्यात महागातली. मग भाव धरायचा कुठला?

एकदा उत्तर आलं पाच वर्षं. पुन्हा केलं तर नऊ. तिसऱ्यांदा सात... आणि चुकलं कुठलं तेच सापडेना. मोटारीत असं होत नाही हो. कॉइल जळालेली असली की दिसते, वास येतो. इथे तिन्ही उत्तरं चांगली दिसत होती.

अशा अवस्थेत त्यातल्याच एका कंपनीचा इंजिनियर जागा बघायला वर आला. गच्चीच्या दारातूनच म्हणाला, “छत पूरी खाली है ना, भाईसाब?”

मी छाती काढून म्हणालो, “एकदम खाली!”

मागोमाग चहा घेऊन माझी बायको सुनंदा वर आली होती. माहेर रावेरचं, पण इतकी वर्षं इथं काढल्यावर हिंदी माझ्यापेक्षा बरी बोलते. तरी म्हणाली, “गच्ची वर आहे. खाली कशी असेल?”

मी हसलो. इंजिनियरला समजावलं की आमच्या मराठीत खाली म्हणजे नीचे. तोही हसला... पण ती हसत नव्हती.

“आणि तुमच्या हिंदीतली खाली, म्हणजे रिकामी म्हणत असाल, तर तेही खोटं. उन्हाळ्यात इथं पाय ठेवायला जागा असते का? बिबडे, कुरडया कोण वाळवतं इथं? शेजारीण?”

थंडीचे दिवस, गच्ची रिकामी... माझ्या ध्यानातच आलं नाही. दर उन्हाळ्यात ही इथं ज्वारीचे बिबडे, कुरडया, पापड घालते. लोक आधीपासून ऑर्डर देऊन ठेवतात. तो पैसा तिचा, तिच्या हातचा. आणि मी कागदावर दक्षिणेची सगळी बाजू पॅनलखाली काढून ठेवली होती, स्केल लावून.

मी सावरायला गेलो. म्हटलं, स्ट्रक्चर उंच घेऊ, तू खाली सावलीत आरामात काम कर.

“सावलीत कुरडया? वाळतील कधी, दिवाळीला?”

इंजिनियरला अचानक खोकला आला.

मग मी कामाचं बोललो. म्हटलं, तुला उन्हाळ्यात किती सुटतात ते सांग, तेही हिशोबात धरतो, म्हणजे चित्र स्पष्ट होईल.

ती म्हणाली, “नाही सांगणार. सांगितलं की तुम्ही त्याचंही कोष्टक करून राहिले समजा. आणि मग म्हणाल, सुनंदा, हे परवडत नाही, बंद कर.”

आणि खरंच, कॅल्क्युलेटरवर माझा अंगठा तोपर्यंत वजाबाकीच्या बटणावर गेलेला होता...

तिनं कुंडीजवळचा विटेचा तुकडा उचलला आणि गच्चीवर सरळ रेघ ओढली. जिन्याची, उत्तरेची बाजू मला. दक्षिणेची तिला. मी टेप लावून पाहिली, रेघ वाकडी नव्हती. इंजिनियर म्हणाला उत्तरेला दोन किलोवॅट बसतील, आणि पॅनलची सावली जिन्याकडे जाईल, ताईंच्या वाळवणावर येणार नाही.

आता दोन किलोवॅटमध्ये बिल झिरो होत नाही. मेमध्ये कूलरचा सगळा भार निघेल का, तेही सांगता येत नाही. दुकानात येणारे रोज विचारतात, लाइट गेली तर तुमच्याकडे चालू राहील ना? (नाही हो, बॅटरी नसेल तर लाइटबरोबर सोलरही बंद!) आणि दुसरा प्रश्न, पैसे किती वर्षांत वसूल?

माहीत नाही, असं मी आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो. दोन किलोवॅटची ऑर्डर दिली आहे, आणि उत्तर अजून आलेलं नाही. एक आकडा सुनंदाकडे आहे आणि तो ती देत नाही.

तरी खरं सांगू?... ऑर्डर देताना हात अडखळला नाही. त्या सकाळी ती चहा घेऊन वर आली, हे फार बरं झालं.