राखणदाराला कुंकू

गॅस डिटेक्टरचा गळा किती प्रकारे घोटता येतो, हे माझ्याइतकं क्वचितच कुणी बघितलं असेल. आयटीआय करून मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झाले आणि गेली वीसेक वर्षं ठाण्यापासून बदलापूरपर्यंत कारखान्यांमध्ये हे डिटेक्टर तपासत फिरते आहे. माझ्या वाट्याला आले ते खाण्यापिण्याचे कारखाने. बर्फाचे, आइस्क्रीमचे, सोड्याचे. गॅस म्हणजे केमिकलवाल्यांची पीडा, असं लोकांना वाटतं. आइस्क्रीम गार ठेवायला अमोनिया लागतो आणि सोड्याला बुडबुडे यायला कार्बन डायऑक्साइड, हे खाणाऱ्यांच्या गावीही नसतं. कारखाना चालवणाऱ्यांच्या गावी असतं असंही समजू नका.

माजिवड्याला आइस्क्रीमच्या एका गोदामात अमोनियाच्या डिटेक्टरला प्लॅस्टिकची पिशवी बांधून वर रबरबँड लावला होता. का, तर तो सारखा बोंबलतो. दुसरीकडे रंगाऱ्याने भिंतीबरोबर डिटेक्टरही पिवळाधम्मक करून ठेवला होता, कारण ऑडिट होतं आणि सगळं नवंकोरं दिसायला हवं होतं. एका मिठाईवाल्याने भटारखान्यातला डिटेक्टर उचलून स्वतःच्या एसी केबिनमध्ये लावला. तिथे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो, म्हणाला. या माणसांच्या हाताखाली शंभर-शंभर माणसं काम करतात, हे आठवलं की मला आजही संताप येतो.

या सगळ्यांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे स्टिकर. डिटेक्टर तपासला की त्यावर तारखेचा एक हिरवा स्टिकर लावायचा असतो. तपासणीत कुणालाही रस नसतो. मी तपासणीच्या गॅसची बाटली उघडायच्या आधीच चहा येतो आणि चहाबरोबर वाक्य येतं, "मॅडम, स्टिकर तेवढा लावून टाका ना."

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका सोड्याच्या कारखान्यातला मॅनेजर या पंथाचा महंत होता. शुद्ध बोलायचा, इस्त्रीचा शर्ट, भिंतीवर फ्रेम केलेली डिग्री. डिग्रीच्या शेजारी 'सुरक्षा प्रथम' असं पोस्टर होतं आणि पोस्टरच्या पुढ्यात फ्रीज, त्यामुळे वाचता यायचं ते फक्त 'प्रथम'. "मॅडम, नाक हा सर्वांत उत्तम डिटेक्टर. निसर्गानेच दिला आहे," असं तो दर खेपेला मला ऐकवायचा. कार्बन डायऑक्साइडला सांगण्यासारखा वास नसतो, हे मी त्याला चारदा सांगितलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या कारखान्याला तळघर होतं. पाक आणि गॅस एकत्र करणारी टाकी आणि गॅसच्या नळ्या तिथे होत्या. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की खाली बसतो आणि बादलीत पाणी साचावं तसा तळघरात साचत जातो. दिसत नाही, आणि माणूस त्यात उतरला की आधी गुंगतो, मग पडतो. म्हणून तिथला डिटेक्टर जिन्याच्या पायथ्याशी गुडघ्याइतक्या उंचीवर बसवलेला होता, आणि त्याचा आकडा वर दिसावा म्हणून दारापाशी पॅनल होतं. हवा बाहेर खेचणारा पंखाही होता. त्याचं बटण मात्र तळघराच्या आत. म्हणजे तळघर सुरक्षित करायचं तर आधी असुरक्षित तळघरात उतरायचं. हे ज्याने आखलं त्यालाही बहुधा डिग्री असणार.

ते बटण दाबायला रोज सकाळी काका उतरायचे. काका म्हणजे तिथले सगळ्यात जुने ऑपरेटर. मूळचे कोकणातले, साठीला टेकलेले, टिटवाळ्याला मुलाकडे राहायचे. मला ते 'बाय' म्हणायचे. तिथे माझ्याशी माणसासारखं बोलणारे तेवढेच. मॅनेजरने पहिल्या दिवशीच माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं होतं आणि "अच्छा, अच्छा," म्हटलं होतं. त्या दोन 'अच्छां'चा अर्थ आमच्यातल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. त्यानंतर माझा चहा काचेच्या पेल्याऐवजी कागदी कपात यायला लागला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले. दोन दिवस कारखाना बंद होता आणि सुट्टीच्या आधी यंत्रांची पूजा झालेली होती. कॉम्प्रेसरला झेंडूची माळ, बाटल्या भरायच्या मशीनवर हळदीची बोटं, फोर्कलिफ्टच्या चाकाखाली चिरडलेलं लिंबू. मॅनेजर आपट्याचं पान देऊन म्हणाला, "आज स्टिकर लावून मोकळ्या व्हा. पॅनल बघा, चारशे बारा. उत्तम चाललंय." चारशे म्हणजे मोकळ्या हवेतला आकडा. दोन दिवस बंद असलेल्या तळघरात मोकळी हवा कुठून आली, हा प्रश्न त्याला पडायचं काही कारण नव्हतं.

"काका कुठेत?" मी विचारलं.

"पंखा लावायला गेलेत खाली. येतील इतक्यात."

मी तळघराच्या दारापाशी गेले आणि जिना उतरू लागले. माझ्या कमरेला स्वतःचा छोटा डिटेक्टर असतो. तिसऱ्या पायरीवर तो किंचाळायला लागला. मी तशीच मागे फिरून दारात आले आणि बॅटरी खाली मारली. काका शेवटून तिसऱ्या पायरीवर बसले होते, भिंतीला टेकून, मान छातीवर. बाजूला डिटेक्टर. त्याला झेंडूची माळ घातलेली होती आणि त्याच्या तोंडावर, जिथून हवा आत जाते त्या गोल जाळीवर, आधी हळद आणि वर कुंकू असं जाडसर लिंपलेलं होतं. कुंकवात अक्षता चिकटल्या होत्या. डिटेक्टरला श्वासच घेता येत नव्हता, त्यामुळे सुट्टीच्या आधीचीच हवा तो अजून दाखवत होता.

आता खरं सांगायचं तर ते कुंकू मी पहिल्यांदा बघत नव्हते. आदल्या वर्षी दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी गेले होते, तेव्हाही जाळी अशीच लाल होती. काकांनी कौतुकाने सांगितलं होतं, "पूजा मीच केली, बाय. आमच्या गावात शिवेवर राखणदार असतो ना, तसा हा इथला. आमच्यावर नजर ठेवून असतो." मी मान डोलावली, फिल्टर बदलला, वहीत 'फिल्टर बदलला' एवढंच लिहिलं आणि निघून आले. का बदलला, ते कुणालाच सांगितलं नाही. त्याच्या आधी एकदा बर्फाच्या एका कारखान्यात मी पॅनलवरचा हार काढून बाजूला ठेवला, तर सुपरवायझरने "तुमच्यात हे नसतं, म्हणून आमचं काढायचं का?" असं चारचौघांत सुनावलं होतं. तेव्हापासून मी ठरवून टाकलं होतं, यांच्या देवाधर्मात पडायचं नाही. आणि तेवढंच कारण नव्हतं. यांना सांगून उपयोग काय, या अडाण्यांना काय कळणार आहे, असंही मला वाटलं होतं. अगदी स्पष्ट वाटलं होतं.

मॅनेजर माझ्या मागे येऊन उभा राहिला. माझा डिटेक्टर किंचाळत होता आणि तो पॅनलकडे बोट दाखवून म्हणाला, "चारशे बारा आहे, मॅडम. तुमचं मशीन बिघडलेलं दिसतंय." मग त्याला काका दिसले. "अरे, यांना चक्कर आली वाटतं. जा रे, दोघं जा, उचलून आणा!" माल चढवणारे दोन दांडगे गडी धावले.

मी दाराच्या चौकटीच्या दोन्ही बाजू धरून उभी राहिले. "कुणी खाली उतरायचं नाही."

"ओ बाई, बाजूला व्हा! काका मरतायत!" एक जण ओरडला.

"तू उतरलास तर तूही मरशील. मग तुला काढायला हा उतरेल. आता एक आहे, मग तीन होतील."

मागून कुणीतरी मला शिवी घातली, ती इथे लिहीत नाही. कुणीतरी ढकललंही. मी चौकट सोडली नाही. श्वसनाचा सेट आणा, म्हणून ओरडले. पाठीवर हवेची बाटली बांधून उतरायचा सेट त्या कारखान्यात होता, मीच बघितला होता. मॅनेजरच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात, कुलूप लावून. आणि किल्ली? किल्ली सेफ्टी सल्लागाराच्या खिशात. तो राहतो ठाण्याला आणि महिन्यातून एकदा सही करायला येतो. मॅनेजर त्याला फोन लावत बसला. माणूस बुडत असताना हा पोहायच्या क्लासची चौकशी करत होता.

शेवटी जे सुचलं ते केलं. गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करवला. बाटल्या सुकवायला कॉम्प्रेसरच्या हवेचा लांब पाइप होता, तो ओढून आणायला लावला आणि त्याचं तोंड दारातूनच काकांच्या चेहऱ्याजवळ सोडलं. पॅकिंगमधले दोन मोठे पंखे दारात लावले. माझा डिटेक्टर ओढणीला, ओढणी दोरीला, आणि दोरी पायरी पायरीने खाली सोडत, वर ओढून आकडा बघत राहिले. आकडा उतरत होता, पण इतका सावकाश की मला रडू फुटायचं बाकी होतं. मी सारखी हाका मारत होते. "काका! ओ काका! वर बघा!" एकदा त्यांनी हात हलवला, झोपेत माशी हाकलावी तसा.

आकडा पुरेसा खाली आल्यावर मी दारातून बाजूला झाले. दोघा गड्यांनी काकांना काखेत धरून वर आणलं आणि अंगणात आडवं केलं. ते श्वास घेत होते. ज्याने मला ढकललं होतं तोच त्यांच्या पायांशी बसून हमसून हमसून रडत होता. मॅनेजर अजून फोनवर होता.

काका चार दिवस हॉस्पिटलात होते. कारखान्याचा अहवाल मी नंतर वाचला. त्यात लिहिलं होतं की नवरात्राच्या उपवासांमुळे कर्मचाऱ्यास अशक्तपणा येऊन चक्कर आली. गॅस हा शब्द अख्ख्या अहवालात नव्हता. माझंही काम तिथलं गेलं. आता तिथे दुसरी एजन्सी आहे, आणि तिचे स्टिकर कुरिअरने येतात असं ऐकलं. त्या मॅनेजरला सुरक्षेसाठी कसलीशी ट्रॉफीही मिळाली म्हणे. मिळो बापडी, फ्रीजवर ठेवायला जागा आहेच.

महिनाभराने मी टिटवाळ्याला काकांना भेटायला गेले. नवीन बिल्डिंग, सातवा मजला, लिफ्ट बंद. काका खुर्चीत बसले होते, जरा सुकले होते आणि बोलताना मधेच एखादा शब्द शोधायला थांबत होते. सुनेने चहा दिला, काचेच्या पेल्यात. काका तिला म्हणाले, "हीच ती. हिने दार अडवलं म्हणून मी आज आहे, आणि ती दोन पोरंही आहेत." सून वाकून माझ्या पाया पडायला लागली. मी पाय मागे घेतले. मला ते सहन होईना.

सून आत गेल्यावर मी म्हटलं, "काका, गेल्या वर्षी तुम्ही कुंकू लावलेलं, तेव्हाच मला कळलं होतं. त्याने डिटेक्टरची जाळी बंद होते. मी फिल्टर बदलला आणि गप्प राहिले."

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं त्यांना समजलं नाही, आणि मी पुन्हा सोपं करून सांगायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"कळलं मला," ते म्हणाले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला राग येईल असं वाटलं."

"आलाच असता. चार दिवस तुझ्याशी बोललो नसतो." ते थांबले, शब्द शोधला. "पण पुसलं नसतं होय, बाय? कुंकू काय, मी बाजूच्या भिंतीला लावलं असतं. मला मरायचं होतं काय?"

मी हातातला पेला खाली ठेवला.

"त्या मॅनेजरला तू चारदा सांगितलंस. त्याला कळत नाय, तरी सांगितलंस. मला एकदा पण नाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि असता तर बरं झालं असतं. "तू आम्हाला सांगायच्या लायकीचं धरलं नाहीस. होय ना?"

लायकी हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझ्या आजोबांना, माझ्या वडिलांना, मला, लोकांनी तो तोंडावर मारलेला आहे. मी कुणाला तो मारला असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"होय, काका," मी म्हटलं. "नाही धरलं."