पर्सवर बसलेली ओरालिया

ओरालिया गार्साला गप्प बसवेल असा माणूस रिओ ग्रांदे नदीच्या या काठावर अजून जन्मायचाय. सव्वीस वर्षं ती आमच्या इस्पितळात इमर्जन्सीची नर्स आहे. इथे घरटी एक तरी डायबेटिसवाला, त्यामुळे अर्ध्या गावाच्या शिरा तिला तोंडपाठ आहेत.

मंगळवारी दुपारी एल्विरा आपल्या सतरा वर्षांच्या मारिबेलला घेऊन आली. पोरगी धापा टाकत होती आणि तिच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळाचा वास होता. ओरालियाने वासावरूनच ओळखलं की अंगात इन्सुलिन नाही, रक्त आंबट व्हायला लागलंय. तिने भराभर सलाइन लावलं, छातीला तारा चिकटवल्या, रक्त तपासायला पाठवलं. साखर सहाशेच्या वर होती.

एल्विराने रडत रडत सांगितलं, पोरीला दोन दिवस उलट्या होत होत्या, म्हणून आपणच तिचं इन्सुलिन बंद केलं. काही खात नाही त्या पोरीला सुई कशाला? आता मात्र तिला धीर धरवेना. नवऱ्याचं इन्सुलिन पर्समध्ये होतंच, तिचा हात तिकडे गेला.

ओरालियाने पर्स हिसकावली, खुर्चीवर टाकली आणि वर ठाण मांडून बसली.

"उठा बाई! पोर मरतेय माझी, आणि तुम्ही बसताय?"

"पोटॅशियमचा आकडा येईपर्यंत बसणार. तो कमी असताना इन्सुलिन गेलं तर तिचं हृदय बंद पडेल. तू मला हव्या तेवढ्या शिव्या दे."

एल्विराने दिल्या, अगदी मनापासून. मॉनिटरवरची नजर न हलवता ओरालियाने त्या ऐकल्या.

आकडा फारच कमी आला. डॉक्टरांनी आधी पोटॅशियम चालू केलं, इन्सुलिन दोन तासांनी, थेंबाथेंबाने. दर तासाला ओरालिया साखर बघायला मारिबेलचं बोट टोचत होती. संध्याकाळी मारिबेलने डोळे उघडले, बर्फ मागितला आणि आई रडते म्हणून वैतागली.

बाहेर बाकावर एल्विराने विचारलं, "माझ्यामुळेच झालं ना?"

"हो," ओरालिया म्हणाली. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही. "उलट्या झाल्या तरी इन्सुलिन थांबवायचं नाही, लगेच आम्हाला फोन करायचा. तुला सांगितलं नव्हतं कुणी?"

"नाही."

ओरालिया बराच वेळ काही बोलली नाही. गेल्या वर्षी या मायलेकींना इथून घरी सोडताना सूचनांचे कागद तिनेच हातात दिले होते, समजावून न सांगता.