दोघांनी घ्यायची सुई

लग्न होऊन मी उज्जैनला आले तेव्हा तिथं मध्यभारताचं सरकार होतं आणि हे त्या सरकारच्या महसूल कचेरीत कारकून होते. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या माळव्यातली. घरात मराठीच बोलायची, पण रक्ताला ‘खून’ म्हणायची आणि इंजेक्शनला ‘सुई’. मी साताऱ्याकडची, सुरुवातीला मला हसू यायचं. पुढं मीही तसंच बोलू लागले. माधवनगरात आमचं भाड्याचं घर होतं. आम्ही दोघं, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा धाकटा दीर.

पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. दुसरं पूर्ण दिवसांचं होतं, पण ते रडलंच नाही. मी त्याचं तोंड पाहिलं होतं. त्यानंतर गल्लीतल्या बायकांनी मला डोहाळजेवणाला बोलावणं बंद केलं. सासूबाई मला क्षिप्रेकाठच्या सिद्धवटाला घेऊन गेल्या, पितृदोषाची शांत केली. माझ्या तोंडावर त्या कधी वाईट बोलल्या नाहीत. पण एकदा शेजारणीला म्हणाल्या, “पोरीच्या कुशीतच काहीतरी आहे,” ते मी ऐकलं.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी कुणाला न विचारता जनाना दवाखान्यात गेले. तिथं फाळणीत घरदार सोडून आलेल्या एक पंजाबी डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, “पहले दोनों बच्चे कैसे गए?” तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि रक्त काढून तपासणीला इंदूरला पाठवलं.

उत्तर आलं तेव्हा त्यांनी दार लोटून मला जवळ बसवलं. मला उपदंश झाला होता. लोक त्याला गरमी म्हणतात, त्या म्हणाल्या. मला तो शब्द फक्त शिवी म्हणून ठाऊक होता.

“मी तर कुठं... मैं तो कहीं गई नहीं,” मी म्हणाले.

“जानती हूँ.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. आधी एक व्रण उठतो, दुखत नाही, आपोआप भरून येतो. माणसाला वाटतं गेलं. पण ते रक्तात राहतं. नवऱ्याकडून बायकोला होतं, बायकोच्या पोटातल्या बाळाला होतं. “बाहर से कुछ नहीं दिखता. इसीलिए तो फैलती है.” आता त्यावर पेनिसिलिन आहे, वेळेत सुया घेतल्या तर बाळ वाचेल, असंही त्या म्हणाल्या. मी रडायलाच लागले.

“एक बात सुनो. तुम अकेली सुई लोगी तो काम नहीं बनेगा. वो ठीक नहीं हुए तो तुम्हें फिर हो जाएगी. दोनों को साथ में लेनी है, उन्हें भी यहीं ले आओ, और इलाज पूरा होने तक अलग सोना है. घर जाकर झगड़ना मत. कहना, दोनों का इलाज है.”

यांना मी संध्याकाळी सांगितलं. हे खाली मान घालून म्हणाले, “उद्या येतो.” दुसऱ्या दिवशी टावर चौकापर्यंत बरोबर आले आणि थांबले. “तू पुढं हो, मी पान घेऊन येतोच.” मी सुई घेऊन परत आले तेव्हा हे कचेरीत निघून गेले होते. तिसऱ्या दिवशीही तसंच झालं. मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश होणार, कचेऱ्या भोपाळला हलणार, अशी तेव्हा धांदल होती. यांच्या हाती बदलीचा हुकूम पडला आणि यांना निमित्तच सापडलं. “भोपाळला मोठा दवाखाना आहे. तिथं गेल्यावर घेईन.”

माझ्या पोटात मूल वाढत होतं. थांबून चालणार नव्हतं. दुपारी सासूबाई गहू निवडत होत्या. मी शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांचा हात थांबला. हातातलं सूप त्यांनी खाली ठेवलं. मग उठल्या आणि माझी ताट-वाटी-पेला अशी भांडी उचलून वेगळ्या फळीवर ठेवली. मला वाटलं, संपलं; आता मला माहेरी पाठवणार.

सकाळी त्या चांगलं लुगडं नेसल्या आणि म्हणाल्या, “चल, त्या डॉक्टरणीकडं.” तिथं जाऊन त्यांनी सरळ विचारलं, “बाई, बर्तन से लगता है क्या? कपड़े से?”

“नहीं माँजी. साथ खाइए, एक ही लोटे से पानी पीजिए.”

“और ये... इसकी कोख में दोष नहीं?”

“बीमारी है. दोष किसी की कोख में नहीं.”

घरी येताना त्या माझा हात धरून चालल्या. आल्या आल्या माझी भांडी पुन्हा आपल्या भांड्यांत ठेवली. संध्याकाळी हे कचेरीतून आले, तर त्या दारातच उभ्या.

“भोपाळ कुठं पळून जात नाही. आधी दवाखाना.”

“आई, तुला कोणी सांगितलं?”

“जिनं सोसलं तिनं. मी दोन नातवंडं पाण्यात सोडली रे. तिसरं सोडणार नाही. लाज वाटते ना? वाटू दे. लाजेसकट चल.”

हे गेले. परत आले तेव्हा मी पाठ फिरवून पोळ्या लाटत होते. तिथंच उभं राहून यांनी सांगितलं. लग्नाआधी ग्वाल्हेरला शिकाऊ असताना बरोबरच्यांनी एकदा कुठल्याशा कोठ्यावर नेलं होतं. व्रण उठला. स्टेशनाजवळच्या एका वैदूनं मलम दिलं, तो गेला. मित्र म्हणाला, लग्न कर, उरलंसुरलं निघून जाईल. “मला खरंच वाटलं होतं, बरा झालो.”

मी लगेच माफ केलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. कित्येक महिने मी यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. पण सुया संपेपर्यंत रोज सकाळी आम्ही दोघं एकत्र दवाखान्यात जात होतो, आणि यांनी एकही सुई चुकवली नाही. भोपाळला हजर व्हायला मुदत मागून घेतली, साहेबाची बोलणी खाल्ली. सासूबाईंनी देवाच्या प्रदक्षिणाही सोडल्या नाहीत. मला म्हणायच्या, “सुई पण घे, अंगारा पण लाव. माझं काय जातं?”

मुलगी झाली. जन्मतःच असा टाहो फोडला की बाहेर बसलेल्या सासूबाई उठून उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी तिचे इवलेसे तळहात, तळपाय उजेडाकडे धरून कुठं पुरळ आहे का ते निरखून पाहिलं. मग रक्त तपासलं, पुढंही तपासत राहिल्या. तिच्या अंगात काही नव्हतं. माझ्या कुशीत झोपलेलं ते गरम, जड ओझं मला खरं वाटत नव्हतं. मी सारखी तिच्या नाकापाशी बोट धरून बघायची.

काही वर्षांनी दिराचं लग्न ठरलं. सासूबाईंनी त्याला समोर बसवलं. “खून तपासून ये.”

तो चिडला. “माझ्यावर शक आहे तुझा?”

“शक नाही रे. दिसत नाही, म्हणून बघायचं.”

तो तपासून आला. मुलीकडच्यांनाही त्यांनी तसंच सांगितलं, अगदी गोत्र विचारावं इतक्या सहज.

आम्ही तोवर भोपाळच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेलो होतो. यांच्या कचेरीत विदर्भातून एक तरुण कारकून नवा आला होता. एका रविवारी हे त्याला घरी घेऊन आले आणि बाहेरच्या खोलीचं दार लावून बराच वेळ बोलत बसले. आतून मला यांचा आवाज ऐकू येत होता. “वैदूकडं जाऊ नकोस. माझं ऐक, मी गेलो होतो.” दुसऱ्या दिवशी यांनी त्याला सायकलवर डबलसीट बसवून दवाखान्यात नेलं.

रात्री जेवताना हे म्हणाले, “त्याची बायको गावी आहे. तिला बोलावून घे म्हणालो. आली की तू बोलशील ना तिच्याशी?”

“बोलेन,” मी म्हणाले.

ती आली, अगदी लहानशी, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. मी तिला स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं आणि विचारलं, “जेवलीस का?” ती नाही म्हणाली. आधी मी तिला जेवायला वाढलं.