विस्तव दिला तशी वीज दिली

माझ्या आईला भर गल्लीत चोर म्हटलं गेलं. विजेची चोर.

आज तिची पुण्यतिथी. मी नव्वदीला टेकले, पण राग काही उतरला नाही.

स्वातंत्र्याच्या थोडं आधीची गोष्ट. गोंदियात आमच्या गल्लीत वीज फक्त आमच्याकडे. बाबा राइस मिलमध्ये मुनीम, म्हणून कनेक्शन मिळालेलं.

शेजारच्या जमनाबाई विड्या बांधायच्या. रॉकेल रेशनवर. अंधार पडला की काम बंद, आणि काम बंद म्हणजे पोरं उपाशी.

एक दिवस आईला म्हणाल्या, "बाई, एक बलब मले देता का?"

आईने मिलच्या माणसाकडून भिंतीवरून तार टाकून दिली. सकाळी चुलीसाठी विस्तव मागायला आलेल्या बाईला आमच्याकडे कोणी रिकाम्या हाती पाठवत नसे. उजेडाचंही तसंच, असं तिने धरलं.

तेवढ्यात विजेचे नवे नियम आले. घरोघरी मीटर, मीटरला सील, एका घरची वीज दुसऱ्या घरात नाही. नियम वाईट नव्हता. उघड्या तारेने माणूस मरतो.

पण नोटीस लावली कुठे? कचेरीच्या भिंतीवर. इंग्रजीत.

इन्स्पेक्टर आला, तार तोडली. "ये चोरी है, बाई."

आई म्हणाली, "चोरी काऊन? बिल आमी भरून राह्यलो. इस्तव देतो, तसाच देल्ला."

जमनाबाई पुढे झाल्या. "मीच मांगतली, साहब." त्यांचं कोणी ऐकलं नाही.

आणि माझे बाबा हात जोडून म्हणाले, "साहब, औरत जात है, समझती नहीं."

इन्स्पेक्टर तर परका होता. बाबांनी ती तार रोज पाहिली होती. हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

दंड भरला. मिटलं, म्हणाले सगळे.

कमेंटमध्ये "तेव्हाची माणसं किती भोळी" असलं काही लिहू नका. भोळी नव्हती. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि मिटलं तर अजिबात नव्हतं.

त्यानंतर कोणी विस्तव मागायला आलं की आई दारातूनच सांगायची, "चूल इझली, बाई."

आत चूल धडधडत असायची. मी तिथेच बसलेली असायचे. आई माझ्याकडे बघायची नाही.

मोकळ्या हाताची माझी आई. तिला हात आखडता घ्यायला शिकवलं या लोकांनी.

आई, तू चोर नव्हतीस.

त्या दिवशी घरातल्या एका तरी माणसाने हे मोठ्याने म्हणायला हवं होतं.

तुला नमस्कार.